टीएसएम कॉन्फिग रिव्ह्यू: ४ टेप ड्राइव्ह आहेत तरी दुपारनंतर मायग्रेशन एकाच ड्राइव्हवर, काय चुकतंय?

ऐरोली_नाइटशिफ्ट:
नमस्कार मंडळी, नवीन जागी जॉइन झालोय, आधीचा अ‍ॅडमिन जाताना हँडओव्हर म्हणून एक एक्सेल शीट ठेवून गेला आणि कॉन्फिग रिव्ह्यू माझ्या गळ्यात पडलाय. बॅकअप सॉफ्टवेअर आयबीएमचं स्टोरेज प्रोटेक्ट आहे (आपलं जुनं टीएसएमच हो), ४० टीबीचा डिस्क पूल, रँडम अ‍ॅक्सेसवाला, त्याच्यामागे टेप पूल (बॅकअप आधी डिस्कवर येतो, मग मायग्रेशनने टेपवर जातो), एलटीओ-८ चे ४ ड्राइव्ह. रात्रीत साधारण २५ टीबी येतं, त्यातलं २० च्या आसपास व्हीएमवेअरचं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन्सचं (व्हीएम). हायमिग ९०, लोमिग ७० (पूल ९० टक्के भरला की मायग्रेशन सुरू, ७० वर आला की बंद), मिगप्रोसेस ४ (एका वेळी मायग्रेशनच्या ४ प्रोसेस), टेप पूलला कोलोकेट ग्रुप (एका ग्रुपचा डेटा शक्यतो एकत्र टेपांवर), रिक्लेम ६० (टेपेवरची ६० टक्के जागा मोकळी झाली की उरलेला डेटा दुसरीकडे लिहून टेप मोकळी करायची), रीयूजडिले ० (रिकामी झालेली टेप लगेच परत वापरात). सकाळी लोमिग ० देऊन मायग्रेशन लावतो, सुरुवातीला चारही ड्राइव्ह पळतात, मग एकेक गळत जातो आणि दुपारनंतर एकटाच राबतोय, बाकीचे तीन रिकामे. रात्रीचा बॅकअप सुरू होतो तेव्हा पूलमध्ये कालचा माल पडलेलाच असतो. साहेब म्हणतायत अजून २ ड्राइव्हचं कोटेशन मागव. मागवू का?

टेपकाका:
अजिबात नको! आहेत तेच बसून आहेत ना. आधी हिशोब कर, एलटीओ-८ कॉम्प्रेशन न धरता सेकंदाला ३६० एमबी लिहितो, म्हणजे तासाला जेमतेम १.३ टीबी, ४ ड्राइव्ह खरंच चालले तर तुझे २५ टीबी ५ तासांत जातात, एकट्यावर टाकलेस तर १९ तास. आता डिव्हाइस क्लासचं माउंटलिमिट (एका वेळी किती ड्राइव्ह वापरता येतात) बघ, आणि क्यू ऑक्युपन्सी ही कमांड चालवून कुठल्या नोडच्या (सर्व्हरवर नोंदलेल्या क्लायंटच्या) नावावर किती डेटा आहे ते सांग. मला वाटतं दुखणं तिथंच आहे.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
माउंटलिमिट ड्राइव्हज आहे, म्हणजे जितके ड्राइव्ह तितके. आणि काका, व्हीएमवेअरचं सगळंच्या सगळं एकाच डेटासेंटर नोडखाली आहे, प्रत्येक व्हीएम त्यातली एक फाइलस्पेस.

टेपकाका:
सापडलं मग. रँडम अ‍ॅक्सेस डिस्क पूलमधून मायग्रेशन होतं ते नोडप्रमाणे, किंवा कोलोकेशन ग्रुप केले असतील तर ग्रुपप्रमाणे, आणि एक नोड किंवा एक ग्रुप एका वेळी एकाच प्रोसेसकडे जातो. तू मिगप्रोसेस ४ लिही नाहीतर १४ लिही, बाकीचे छोटे नोड संपले की तो २० टीबीचा धोंडा एकट्याच्याच डोक्यावर, म्हणजे कमीत कमी १५ तास गेलेच. ६ ड्राइव्ह घेतलेस तर तीनऐवजी पाच रिकामे बसलेले दिसतील एवढंच. व्हीएमच्या फाइलस्पेसेस ४-५ कोलोकेशन ग्रुपमध्ये वाटून टाक, फाइलस्पेसवारी मेंबर करता येतात. पण वाटताना व्हीएमची संख्या नको बघूस, साइज बघ, नाहीतर डेटाबेसवाले सगळे जाडे व्हीएम एकाच ग्रुपात जातील आणि परत तेच रडगाणं. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क पूल फाइल डिव्हाइस क्लासवर (डिस्कच, पण टेपसारखे व्हॉल्यूम) नेणं, तिथं मायग्रेशन व्हॉल्यूमवारी होतं, पण ते काम मोठं आहे.

डेक्कन_रिस्टोअर:
काकांशी सहमत, पण मला त्या पोस्टमधला रीयूजडिले ० जास्त टोचला. टीएसएमच्या स्वतःच्या डेटाबेसचे बॅकअप किती दिवसांचे ठेवता? समजा ३ दिवस जुना डीबी बॅकअप रिस्टोअर करायची पाळी आली, तर तो डेटाबेस म्हणणार की अमुक फाइल तमुक टेपवर आहे, आणि ती टेप मधल्या काळात रिक्लेम होऊन स्क्रॅच (कोरी) झाली, वर दुसरंच काहीतरी लिहिलंही गेलं. डेटा गेला, आणि ऑडिट व्हॉल्यूम (टेपची तपासणी) करेपर्यंत कळणारही नाही. डिफॉल्ट ० असतो म्हणून बरेच लोक तसाच ठेवतात, ही सवय मला कधी पटली नाही. जितक्या दिवसांचे डीबी बॅकअप ठेवता निदान तितका तरी करा. फक्त मग रिकाम्या झालेल्या टेपा तेवढे दिवस पेंडिंगमध्ये अडकून राहतात, त्यामुळे मॅक्सस्क्रॅच (पूलला जास्तीत जास्त किती स्क्रॅच टेपा घेता येतात) वाढवावा लागेल, नाहीतर लायब्ररीत स्क्रॅच टेप समोर दिसतेय आणि पूल म्हणतोय जागा नाही, अशी गंमत मध्यरात्री होते.

अजून एक, व्हीएम बॅकअपच्या कंट्रोल फाइल्स (बॅकअपच्या आतली माहिती ठेवणाऱ्या) पण टेपवर जातायत का? त्यांना वेगळी मॅनेजमेंट क्लास (डेटा कुठल्या पूलात जाणार ते ठरवणारा नियम) देऊन वेगळ्या डिस्क पूलात ठेवा, आणि त्या पूलला पुढचा पूल देऊच नका. त्या बारीक बारीक फाइल्स टेपवर गेल्या की इन्क्रिमेंटलसुद्धा टेप माउंटची वाट बघत रखडतो.

ऐरोली_नाइटशिफ्ट:
कंट्रोल फाइल्ससाठी वेगळी क्लास केलेलीच नाहीये, म्हणजे जातच असणार. डीबी बॅकअप ७ दिवसांचे आहेत, रीयूजडिले ७ करतो मग. ग्रुप केल्यावर जुन्या टेपांवरचा डेटा पण हलवायला लागेल का?

टेपकाका:
नाही रे, ग्रुप पुढच्या मायग्रेशनला लागू होतील, जुनं रिक्लेम होता होता आपोआप लावलं जातं. पण चारही ड्राइव्ह पळायला लागले की डिस्कवरून सेकंदाला १४०० एमबीच्या वर वाचायला लागणार, तेव्हा डिस्क ॲरेकडे लक्ष ठेव. डिस्क कमी पडली की टेप थांबते, मागे येते, परत पळते, हेड पण झिजतं आणि टेप पण. तसं दिसलं तर मिगप्रोसेस ३ कर, त्यात कमीपणा नाही. रीयूजडिले आणि मॅक्सस्क्रॅच आजच बदलून टाक, ग्रुपचं शनिवारी बॅकअप कमी असतात तेव्हा.