हलका व्हॅक्यूम क्लीनर बिघडतो की आपण तो बिघडवतो?

चिंचोका:
गेल्या आठवड्यात मावसबहिणीने तिचा दीड किलोचा, बिनवायरचा, काठीसारखा व्हॅक्यूम माझ्याकडे आणून टाकला. म्हणे, "वर्षभरात दम गेला याचा. तुला हवा तर ठेव, नाहीतर भंगारात." मी डबा उघडला. फिल्टर सारवलेल्या भिंतीसारखा लिंपला होता. ब्रशच्या रोलरवर दोन्ही भाच्यांचे केस, वेणी घालता येईल इतके. कात्रीने केस कापून काढले, फिल्टर धुतला, दोन दिवस वाळवला. नंतर तोच व्हॅक्यूम सोफ्याच्या फटीतून शेंगदाण्याची टरफलं ओढू लागला.

माझं मत असं, की हलक्या मशीनचा निकाल आपण भलत्याच गोष्टीवर लावतो. दुकानात पास्कलचा, म्हणजे ओढीच्या दाबाचा, आकडा विचारतो. तो नळीचं तोंड बंद करून मोजलेला असतो. तोंड बंद म्हणजे हवा वाहतच नाही, आणि कचरा तर वाहत्या हवेबरोबर येतो! त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५० ग्रॅम रवा मोजा, फरशीवर पसरा, एकदाच मशीन फिरवा आणि डबा तोला. असं एकदा स्वच्छ फिल्टरवर, एकदा मळलेल्या फिल्टरवर. देखभाल केली तर ही मशीन उत्तम चालतात. शिव्या मशीनला पडतात, आळस आपला असतो.

सातारी कंदी:
ताई, सगळं खापर बहिणीवर फोडलंत की! मला पटत नाही. वजन कमी करायचं म्हणून डबा लहान केला, फिल्टर वाटीएवढा केला. मग तो लवकर भरणार आणि लवकर तुंबणारच. कंपनीने वाचवलेलं वजन दर रविवारी आपण उचलायचं, याला देखभाल म्हणायचं का?

आता बॅटरी बघा. २१.६ व्होल्ट, २.५ अँपिअर-तास असं लिहिलेलं असेल तर गुणाकार होतो ५४ वॅट-तास, म्हणजे ५४ वॅटची मोटर तासभर चालेल इतकी वीज. टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जोरात, मोटर ४०० वॅट खात असेल, तर ८ मिनिटांत खेळ खलास. खोक्यावर छापलेली '४० मिनिटं' सगळ्यात मंद वेगावरची. आणि हलका कुठे आहे तो? मोटर, बॅटरी, डबा सगळं मनगटाशी. पंख्याची पाती पुसायला वर धरून बघा. माझा जुना पाच किलोचा, पण तो चाकांवर जमिनीवर फिरतो, हातात फक्त नळी.

चिंचोका:
तो पाच किलोचा माळ्यावरून वर्षात किती वेळा खाली येतो, तेही सांगा ना कंदीदादा.

सातारी कंदी:
गणपतीला आणि दिवाळीला. पण आला की काम करतो.

बर्फातली भाकरी:
तुम्ही दोघं फरशीबद्दल बोलताय. इथे न्यू जर्सीत आमच्या बेडरूमभर कार्पेट आहे. कार्पेटमधली धूळ नुसत्या ओढीने निघत नाही, फिरत्या ब्रशने झटकून वर आणावी लागते. त्यात बॅटरी झरझर उतरते. तोच कडक केसांचा ब्रश फरशीवर फिरवला की तांदळाचे दाणे उडून फ्रिजखाली जातात. फरशीला मऊ, कापडी रोलर हवा. रव्याची परीक्षा घेताना कोणता रोलर होता तेही लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

रत्नांग्रीकर:
'फिल्टर धुवून चोवीस तास वाळवावा' असं माहितीपत्रकात ज्याने लिहिलं, त्याने जुलैत आमच्याकडे राहायला यावं. टॉवेल चार दिवस वाळत नाही, फिल्टर कुठला वाळतोय! गेल्या पावसाळ्यात दमट फिल्टर तसाच बसवला. मशीन सुरू केलं की घरभर ओल्या गोणपाटाचा वास. शेवटी दुसरा फिल्टर विकत घेतला, आता आलटून पालटून वापरतो. पावसात धुतच नाही, अंगणात आपटतो आणि जुन्या रंगाच्या ब्रशने झटकतो.

खरं सांगू? केरसुणीला फिल्टर नसतो, बॅटरी नसते. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडतो ती तिलाच, व्हॅक्यूमला नाही.

ओवा:
केरसुणी पूजेला ठीक. माझ्या मुलाला दमा आहे. केर काढताना जी बारीक धूळ उडते ती अर्धी परत खाली बसते, अर्धी त्याच्या छातीत जाते. आमच्या घरी व्हॅक्यूम चैन म्हणून नाही आला.

पण खोक्यावर 'हेपा', म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर, असं लिहिलं म्हणून निवांत राहू नका. एच-१३ दर्जाचा फिल्टर ९९.९५ टक्के कण अडवतो, हे फक्त त्यातून जाणाऱ्या हवेपुरतं खरं. कडेची रबरी पट्टी सैल झाली की हवा बगलेतून निसटते. रात्री दिवे घालवून, मागच्या जाळीजवळ टॉर्च धरून मशीन चालवा. झोतात कण नाचताना दिसले, तर धूळ पुढून ओढून मागून परत घरात चाललीय. गादीवरच्या धूळकिड्यांचंही तेच. त्यांची घाण थोडीफार ओढली जाते, पण जिवंत किडे धाग्यांना धरून बसतात. त्यांना चादरी ६० अंशाच्या पाण्यात धुणं हा उपाय.

आणि घरात प्लास्टरचं काम झालं असेल तर ती पांढरी भुकटी याने ओढू नका. मी एकदाच ओढली. फिल्टर गेला, मोटर गुरगुरायला लागली.

अर्धा चहा:
भरलेल्या डब्याचा वाद युरोपात कोर्टापर्यंत गेला होता. तिथे व्हॅक्यूमच्या मोटरवर सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा आली, सोबत मशीन वीज किती खातं ते सांगणारं एनर्जी लेबलही आलं. लेबलची चाचणी धूळ नसलेल्या, रिकाम्या मशीनवर व्हायची. व्हॅक्यूम बनवणाऱ्या डायसन कंपनीने त्यावर हरकत घेतली. घरात मशीन रिकामं कधी असतं? नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने तो लेबलचा नियमच रद्द केला.

म्हणजे परीक्षेची रीत चिंचोका यांची बरोबर, पण त्यातून निघणारा निष्कर्ष कंदी यांचा. मळल्यावर किती टिकतं हाच मशीनचा गुण असेल, तर लवकर मळणं हा मशीनचाच दोष.

चिंचोका:
बरं, आज दुपारी माझ्याच मशीनवर करून बघितलं. मऊ रोलर, मधला वेग. तीन आठवडे न धुतलेल्या फिल्टरवर ५० पैकी ३५ ग्रॅम रवा आला. मग धुवून, वाळवून ठेवलेला दुसरा फिल्टर बसवला, तर ४७. (हो, मीही तीन आठवडे धुतला नव्हता. बहिणीला सांगू नका.)

सातारी कंदी:
तीन आठवड्यांत १२ ग्रॅम उतरला! मी वेगळं काय सांगत होतो?

चिंचोका:
आणि दहा मिनिटांच्या धुण्याने परत चढतो, हे मी सांगत होते.

सातारी कंदी:
दहा मिनिटं धुवायला, दोन दिवस वाळायला. बहिणीचा फिल्टर वाळत होता ते दोन दिवस तिच्या घरचा केर कशाने काढला?

चिंचोका:
आत्ता फोन करून विचारलं. केरसुणीने.

रत्नांग्रीकर:
🙏