मदत हवी आहे: बर्फातली ट्रॅप स्पर्धा, जाड जॅकेट आणि दस्त्याची लांबी

मी अमेरिकेत मिनेसोटात राहतो. जानेवारीत एका स्की रिसॉर्टवर ट्रॅपची (यंत्रातून उडणाऱ्या तबकड्या बंदुकीने टिपण्याची) स्पर्धा आहे: यंत्रापासून 16 यार्डांवरून, 25-25च्या चार फेऱ्या, एकूण 100 तबकड्या. बंदूक 12 बोअरची सेमी-ऑटो, काडतुसं साडेसात नंबरच्या छऱ्यांची. उन्हाळ्यात 25 पैकी 21-22 लागतात. परवा उणे 12 सेल्सिअसमध्ये सराव केला, तर 14!

कारण जवळपास कळलंय. जाड जॅकेटमुळे दस्त्याचा (बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाचा) रबरी पॅड काखेपाशी अडकतो, बंदूक खांद्यावर उशिरा बसते आणि गाल दस्त्याच्या वरच्या काठावर थोडा मागे राहतो. दस्त्यातला एक स्पेसर (लांबी वाढवणारी चकती) काढून पाहिला. अडकणं थांबलं, पण आता अंगठ्याचं हाड नाकावर आपटतं (नाक अजून लाल आहे). जॅकेट काढून फक्त थर्मल आणि बनियनवर तिसरी फेरी गाठली, पुढे बोटंच वळेनात. थंडीत तेल घट्ट होण्याचा प्रश्न नाही, बंदूक जवळजवळ कोरडी ठेवतो आणि ती अडकलेली नाही. नवा दस्ता घ्यायचं बजेट नाही, स्पर्धेला तीन आठवडे उरलेत.

थंडीत नियमित खेळणाऱ्यांनी सांगा: स्पेसर परत बसवून बिनबाह्यांचं जॅकेट वापरू, की आखूड दस्ताच ठेवून गालाखाली पॅड चिकटवू?