लहानपणची चित्रे आवडीने पाहते, किशोरवयातली का पाहवत नाहीत?

मेणखडू (धागाकर्ती)

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. घरातील जुनी कागदपत्रे लावताना माझ्या चित्रांचे दोन गठ्ठे सापडले. पहिल्यात साधारण चार-पाच ते आठ-नऊ या वयातील चित्रे आहेत: छपरापेक्षा उंच माणसे, दात काढून हसणारे सूर्य, आणि खाल्लेला पाला बाहेरून स्पष्ट दिसावा असे पोट असलेला हत्ती. दुसऱ्यात तेरा ते सतरा या वयातील चित्रे आहेत: एकाच बाजूला पाहणारे चेहरे, नुसत्या डोळ्यांनी भरलेली पाने, पंख लावलेल्या मुली, मासिकांतून पाहून उतरवलेली व्यक्तिचित्रे आणि शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर केलेली असंख्य रेखाटने.

पहिला गठ्ठा मी पुन्हा पुन्हा चाळते, घरच्यांना दाखवते, आणि त्यातील रंगांची बेधडक निवड पाहून मला स्वतःचाच थोडा हेवाही वाटतो. दुसरा गठ्ठा मात्र चार-पाच पानांच्या पुढे पाहवत नाही आणि तो फाडून टाकावा असा विचार खरोखरच मनात येतो. वास्तविक हात कितीतरी अधिक तयार झालेला आहे तो दुसऱ्या गठ्ठ्यातच. मग हे असे उलटे का व्हावे? ही केवळ त्या वयाची लाज आहे, की त्या चित्रांतच काही अवघडलेपण असते? आणि आज चित्रकार म्हणून काम करणाऱ्या व्यक्तीने त्यांच्याकडे पाहावे तरी कसे? इतरांचे अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

शिसपेन्सिल

दोन्ही गठ्ठ्यांना एकच मोजपट्टी लावली तर हे उलटे वाटणारच. परंतु ती चित्रे काढताना तुमच्यासमोर असलेले काम एकच नव्हते. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी स्वतःच्या मुलीच्या चित्रांचा अनेक वर्षे बारकाईने अभ्यास करून तो 1913 साली प्रसिद्ध केला. लहान मूल जे दिसते ते काढत नाही, त्याला जे ठाऊक असते ते काढते, हे त्यांचे म्हणणे पुढे बालचित्रांच्या अभ्यासात पायाभूत ठरले. घोड्यावर बसलेल्या माणसाचे दोन्ही पाय दिसतात, भिंतीतून आतले पलंग दिसतात, आणि तुमच्या हत्तीच्या पोटातला पाला दिसतो, तो यामुळेच. हत्तीने पाला खाल्ला आहे हे तुम्हाला ठाऊक होते, ते कागदावर आले आणि काम पूर्ण झाले. त्या चित्रात काही साधायचे राहून गेले आहे, असे आज पाहतानाही वाटत नाही.

साधारण नऊ ते बारा या वयात ही व्यवस्था मोडू लागते. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यांत या वयाला वास्तवाची जाणीव उगवण्याचा काळ म्हटले आहे. जमिनीची एक सरळ रेघ आणि वर आकाशाची निळी पट्टी हे आधी पुरेसे असते. आता मुलाला दिसू लागते की आकाश जमिनीपर्यंत खाली आले आहे, दूरचे झाड लहान आहे आणि मित्राचे नाक आपण काढतो तसे नाही. डोळा पुढे जातो आणि हात मागे राहतो. पुष्कळ मुले याच सुमारास चित्रे काढणे सोडून देतात, आणि जी सोडत नाहीत ती पुढची काही वर्षे रोज स्वतःचे अपयश स्वच्छ पाहत पाहत काढत राहतात. तुमच्या दुसऱ्या गठ्ठ्यात पानोपानी दिसते ते हे: काय साधायचे होते तेही दिसते आणि ते किती हुकले तेही दिसते. माझ्या मते, न पाहवण्याचे कारण तुमच्या स्वभावात कमी आणि कागदावर जास्त आहे.

तिरकी_रेघ

शिसपेन्सिल यांचे विवेचन पटले, तरी पहिल्या गठ्ठ्याच्या कौतुकाबद्दल मला थोडी शंका आहे. पाच वर्षांच्या मुलीची बेधडक रंगनिवड असे आपण म्हणतो, तेव्हा डबीत शिल्लक राहिलेले खडू कोणते होते, हे आपल्याला आठवत नसते. प्रौढ नजरेला त्या चित्रांत स्वातंत्र्य दिसते, कारण आधुनिक चित्रकलेने ती नजर आधीच तशी घडवलेली आहे.

या संदर्भात पॉल क्ले यांचे उदाहरण मला नेहमी विचारात पाडते. 1902 साली, वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी, आईवडिलांच्या घरी राहत असताना त्यांना स्वतःची बालपणीची चित्रे पुन्हा सापडली, आणि आतापर्यंत आपण केलेल्या कामात हीच सर्वांत महत्त्वाची आहेत, अशा आशयाचे पत्र त्यांनी आपल्या वाग्दत्त वधूला लिहिले. पुढे 1911 मध्ये त्यांनी आपल्या कामाची हस्तलिखित सूची तयार करण्यास सुरुवात केली, तेव्हा पहिले क्रमांक त्यांनी लहानपणच्या निवडक चित्रांना दिले. शिकतानाच्या काळातील अभ्यासचित्रांना मात्र त्या सूचीत फारशी जागा मिळाली नाही. म्हणजे तुम्ही आज जे करू पाहत आहात, तेच त्यांनी केले: पहिला गठ्ठा ठेवला आणि दुसरा बाजूला सारला. क्ले मोठे चित्रकार होते आणि स्वतःचा इतिहास कसा सांगावा हा त्यांचा अधिकार होता; तरीही मला ही निवड अन्यायाची वाटते. त्यांची रेघ शोधक झाली ती मधल्या कंटाळवाण्या सरावातूनही झाली असणार, आणि सूची वाचणाऱ्याला वाटावे की मूल थेट कलावंत झाले.

पिकासो यांच्या बाबतीत उलट घडले. वडील स्वतः चित्रकलेचे शिक्षक, त्यामुळे मुलाचे कागद घरात जपले गेले. 1894 मध्ये, तेराव्या वर्षाच्या आगेमागे, त्यांनी हाताने काढलेली छोटी वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तकांच्या समासातली रेखाटने, 1897 मधील ‘सायन्स अँड चॅरिटी’ हे पंधराव्या वर्षीचे भव्य तैलचित्र, हे सारे टिकले, आणि 1970 साली त्यांनी सुरुवातीच्या काळातील कामाचा फार मोठा साठा बार्सिलोनातील संग्रहालयाला दिला. त्या साठ्यात उत्तम चित्रांच्या शेजारी अगदी सामान्य शालेय सरावही आहे, आणि माझ्यासारख्याला त्या सामान्य पानांचाच अधिक उपयोग होतो.

कोरा_कागद

जपानी चित्रकार होकुसाई यांनी 1834 साली प्रसिद्ध झालेल्या फुजी पर्वताच्या चित्रमालिकेच्या शेवटी लिहिले आहे की सहाव्या वर्षापासून आपल्याला वस्तूंचे आकार काढण्याची सवय होती, पण सत्तरीपूर्वी काढलेल्या चित्रांत दखल घेण्याजोगे काहीच नाही. त्या हिशेबाने धागाकर्तीने दोन्ही गठ्ठ्यांबद्दल आणि चालू कामाबद्दलही निवांत राहावे.

काजळी

मी अनेक वर्षे चित्रकला शिकवतो, त्यामुळे किशोरवयीन मुलांची रेखाटने पाहणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. ती लाजेने न पाहता पुराव्यासारखी पाहिली, तर फार बोलकी असतात. कसे, ते एकाच चित्रावर सांगतो. दुसऱ्या गठ्ठ्यातील कोणताही एक चेहरा घ्या, शक्यतो पेन्सिलीने काढलेला.

तो बहुधा डावीकडे पाहत असेल. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या मनगटाला कपाळ-नाक-हनुवटीचे ते वळण सोपे जाते, आणि सवय अशी पडते की उजवीकडे पाहणारा चेहरा वर्षानुवर्षे टाळला जातो. आता कागद उभा धरून हातभर अंतरावरून पाहा. डोक्याचा वरचा भाग ताणल्यासारखा वाटेल, कारण चित्र टेबलावर आडव्या ठेवलेल्या कागदावर काढलेले असते. कागदाची वरची कड डोळ्यांपासून दूर आणि तिरकस असल्याने तिकडचे आकार आखूड भासतात, आणि हात नकळत ते लांबवून भरपाई करतो. डोळ्याची एकेक पापणी मोजून काढलेली असेल आणि कानाच्या जागी नुसते अर्धवर्तुळ असेल. छायांकन बोटाने पुसून केलेले, सगळे एकाच मध्यम करड्या छटेत. खरा काळा कुठेच नाही. हातात बहुधा एचबी पेन्सिल असते हे त्याचे एक कारण, आणि एकदा गडद केले की मागे फिरता येणार नाही ही भीती हे दुसरे.

यानंतर खोली अंधारी करून कागदावर अगदी बाजूने, जवळजवळ समांतर असा दिवा धरा. खोडलेल्या रेघांचे खळगे दिसू लागतील. माझ्या पाहण्यात अनेकदा असे येते की पहिली खोडलेली रेघ ही शेवटी ठेवलेल्या रेघेपेक्षा अधिक मोकळी आणि अधिक अचूक होती. मुलाने ती बरोबर काढली, मग मासिकातल्या चित्राशी जुळत नाही म्हणून पुसली आणि तिच्या जागी घट्ट, दाबून काढलेली बाह्यरेषा आणली. वयाच्या पंधराव्या वर्षी तुम्हाला काय दिसत होते आणि तुम्ही कशावर विश्वास ठेवला नाही, हे त्या खळग्यांत लिहिलेले असते.

आणि हात? ते खिशात असतील, पाठीमागे असतील, केसांत घातलेले असतील किंवा कागदच मनगटापाशी संपलेला असेल. याचे फार वाईट वाटून घेऊ नका. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यांनी 1484 साली, तेराव्या वर्षी, आरशात पाहून काढलेले आत्मचित्र आज व्हिएन्नातील अल्बर्टिना संग्रहालयात आहे. ते चांदीच्या टोकाने काढलेले आहे, म्हणजे रेघ सहजासहजी खोडता न येणारे माध्यम, आणि तरीही बाहीच्या चुण्या थक्क करणाऱ्या आहेत. त्यातही एकच हात दिसतो. दुसरा बाहीत गडप झालेला आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की मोठेपणी त्यांनी त्या कागदावर स्वतःच्या हाताने नोंद केली: 1484 साली, मी अजून मूल असताना, आरशातून हे स्वतःचे चित्र काढले. कीर्ती मिळाल्यावरही त्यांनी ना ते नष्ट केले, ना त्यावर सुधारणेचा हात फिरवला. फक्त वर्ष आणि परिस्थिती लिहून ठेवली.

मेणखडू (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. काजळी यांनी सांगितल्याप्रमाणे दिवा बाजूने धरून पाहिले आणि एका चेहऱ्याच्या हनुवटीखाली खोडलेली दुसरी हनुवटी मिळाली. ती खरोखरच अधिक बरी आहे. चेहरे डावीकडेच पाहत आहेत, हेही कबूल.

आणखी एक विचारते. जुने चित्र शेजारी ठेवून तेच आज नव्याने काढायचे आणि दोन्ही एकत्र दाखवायचे, असा प्रघात समाजमाध्यमांवर आहे. त्यातून काही शिकायला मिळते का? आणि हे कागद जपायचे ठरवले, तर कसे जपावेत?

तिरकी_रेघ

पुन्हा काढण्याच्या प्रघाताबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. त्यात जुन्या चित्राला ‘आधी’ची जागा मिळते आणि प्रगती दिसावी एवढ्यासाठीच ते वापरले जाते. पंख लावलेली मुलगी आज शरीररचनेच्या दृष्टीने निर्दोष काढणे तुम्हाला जड जाणार नाही, पण त्या वयात ती मुलगी वीस वेळा का काढावीशी वाटली, हे नव्या चित्रात येणार नाही. करायचेच असेल तर उलट करा: विषय सोडा आणि त्या वेळची अडचण उचला. उजवीकडे पाहणारा चेहरा आज किती सहज येतो, हात अजूनही कुठे लपतात, खरा काळा वापरताना अजूनही कचरता का, हे तपासून पाहा. माझ्या ओळखीतील कित्येक कसलेल्या चित्रकारांची किशोरवयातील पळवाट आज त्यांची शैली म्हणून ओळखली जाते.

मासिकांतून उतरवलेली चित्रे लोकांना दाखवणार असाल, तर ती पाहून काढलेली आहेत हे सोबत लिहावे, आणि मूळ चित्रकार ठाऊक असल्यास त्यांचे नावही द्यावे. त्या वयात नक्कल हाच अभ्यास असतो, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

जुना_पुठ्ठा

जपण्याबद्दल लिहितो, कारण मी कागदी दस्तऐवजांच्या जतनाचे काम करतो.

गठ्ठे सोडवण्याआधी चित्रांना आहे त्याच क्रमाने क्रमांक द्या. तारखा नसलेल्या कागदांचे वय ठरवताना शेजारच्या पानाचा फार आधार होतो, आणि एकदा क्रम विस्कटला की तो परत लागत नाही. क्रमांक आणि अंदाजे वय मागच्या बाजूस, कडेला, मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने लिहा. बॉलपेनची शाई आणि दाब दोन्ही पुढच्या बाजूला उमटतात.

सर्वांत आधी स्केचपेनची चित्रे स्कॅन करून घ्या. त्या शाईतील रंगद्रव्ये प्रकाशात झपाट्याने फिकी पडतात, त्यामुळे ही चित्रे भिंतीवर लावायची असल्यास मूळ चित्र आत ठेवून प्रत लावावी. पेन्सिलीचे शिसे उडत नाही, फक्त घासले जाते. मेणखडूची चित्रे एकमेकांवर दाबून ठेवू नयेत, उष्णतेने मेण समोरच्या कागदाला लागते. स्कॅन रंगीत करावे, रेखाटने सहाशे डीपीआयला (दर इंचाला सहाशे ठिपके), आणि यंत्राची आपोआप उजळ करण्याची सोय बंद ठेवावी. नाहीतर फिक्या रेघा आणि काजळी यांनी दाखवलेले खोडण्याचे पुसट डाग पांढऱ्यात विरून जातात. मागची बाजूही स्कॅन करावी, कारण शाळेच्या वहीच्या पानावर मागे गणित असेल तर इयत्ता कळते.

वह्यांचा आणि वर्तमानपत्री कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, कारण त्यात लाकडाचा लगदा आणि त्यातील लिग्निन हा घटक शिल्लक असतो. असे कागद चांगल्या कागदांपासून वेगळे, आम्लरहित पाकिटांत, अंधाऱ्या व कोरड्या जागी आडवे ठेवा. टाचण्या आणि स्टेपल काढून टाका, त्या गंजतात. सेलोटेप वाळून आपोआप सुटत असेल तेवढीच काढा. चिकटलेली ओढली तर कागदाचा थर सोबत येतो. पीव्हीसीच्या मऊ पारदर्शक पिशव्या टाळा, कारण त्यातील रसायने शाई आणि रंग उचलतात. आणि लॅमिनेशन कृपया करू नका: उष्णतेने मेणखडू वितळतो, आणि एकदा कागद प्लास्टिकमध्ये बंद झाला की त्याला सुखरूप बाहेर काढण्याचा मार्ग जवळजवळ नसतो.

फाडायचेच असेल, तर स्कॅन झाल्यावर वर्षभर थांबा. ज्या पानांची सर्वांत जास्त लाज वाटते ती एका वेगळ्या पाकिटात घालून, त्यावर तसे लिहून ठेवा. आमच्याकडे चित्रकारांचे जुने कागद येतात, तेव्हा अशी पाकिटे आम्ही सर्वांत आधी उघडतो.