अनुभव धागा: बडोद्यातल्या घरात कामाची जागा करताना

मंडळी, सुताराला बोलावण्याआधी काय ठरवून ठेवायचं, ते इथे लिहूया. मापं आकड्यांतच द्या. 'जरा उंच' म्हणजे किती, यावर सुताराचं आणि आपलं कधीच जुळत नाही.

मांजलपूर
आधी खुर्ची आणा, मग टेबलाचं माप घ्या. खुर्चीत बसून पाय जमिनीवर सपाट टेकवा, कोपर काटकोनात धरा आणि जमिनीपासून कोपराच्या खालपर्यंत टेप लावा. तीच टेबलाची उंची, सनमायका धरून. सुतार सवयीनं ३० इंच करून मोकळा होतो. सव्वापाच फुटी माणसाला ते तीन-चार इंच जास्तच. दिवसभर खांदे उचलून टाईप करायचं आणि संध्याकाळी मान धरायची. टेबल आधीच झालं असेल तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट ठेवा.

वाघोडिया रोड
१८ मिमी प्लायची ८ बाय ४ ची एक शीट पुरते. लांबीत मधोमध कापून २ फुटी दोन पट्ट्या करायच्या. एकीतून ५ फुटी टेबल आणि फळी, दुसरीतून दोन बाजू आणि मागची आडवी पट्टी. ही पट्टी गाळू नका, ५ फुटांत मध्ये झोळ येतो. आणि सनमायका खालूनही हवाच, पातळ चालेल. पैसे वाचवायला लोक नेमके तिथेच कात्री लावतात. मग पावसाळ्यात उघडी बाजू दमट हवा पिते, वरची पीत नाही, आणि फळी वाकते.

दांडिया बाजार, जुना वाडा
ड्रिल केल्यावर भुसभुशीत भुगा आला तर भिंतीवर फळी टांगू नका, गुल्ला (स्क्रूसाठी भोकात ठोकतात तो प्लग) जागच्या जागी फिरतो. जमिनीवर उभं राहणारं कपाट करा. जाड भिंतीपलीकडे वायफाय अडतं. इंटरनेटची कॅट-६ केबल ओढा, पण विजेच्या वायरच्या पाइपातून नको.

विश्वामित्री नदीजवळ, तळमजला
सॉकेट टेबलाच्या वर घ्या, यूपीएस फळीवर. २०१९ आणि २०२४ चे पूर आठवा.

अलकापुरी
खिडकी बाजूला यावी, स्क्रीनच्या मागे किंवा आपल्या पाठीमागे नको. पश्चिमेची असेल तर चिक (बांबूचा पडदा) बाहेरून लावा. आतल्या पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन खोलीत आलेलंच असतं.

कारेलीबाग
वाघोडिया रोडवाल्यांना: टेबल बसलंय, खालचा सनमायका राहिला. आता?

वाघोडिया रोड
उलटं करून आत्ताच लावा. जमत नसेल तर खालून ऑईलपेंटचे दोन हात द्या, कडा आणि वायरचं भोक धरून. पाऊस लागायच्या आत.