चौघांसाठी छोटी कॅम्पर व्हॅन : इको पुरेल, की ट्रॅव्हलर घेऊन सोसायटीशी भांडू?

कासारवडवलीकर

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. आम्ही चौघं. मी, बायको, मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत, आणि वर्षातून दोनेकदा आई. गेली तीन वर्षं प्रत्येक लाँग वीकेंडला तेच चाललंय, गुरुवारी रात्री जायचं ठरतं, शुक्रवारी फोन करायला घेतले की दिवेआगरला खोली नाही, केळशीला नाही, जिथे आहे तिथे भाव ऐकून फोन ठेवायचा, आणि मग घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून मॉलमध्ये जाऊन पावभाजी खाऊन परत. तर डोक्यात किडा शिरलाय की एक छोटी मोटरहोम करायची. सेकंडहँड मारुती इको घ्यायची, मागे प्लायचे खोके, त्यावर फोल्डिंग पलंग, डिकीचं दार उघडलं की खाली ओटा, छपरावर एक सोलर पॅनल.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे भांडायला सोपं जाईल. गाडी छोटीच हवी. इको ३.६७ मीटर लांब आणि १.८२ मीटर उंच, आमच्या स्टिल्ट पार्किंगच्या बीमखाली आरामात जाते, सोमवारी ऑफिसला नेता येते, शनिवारी किराणा आणता येतो. ट्रॅव्हलर मिनीबससारखं मोठं धूड वर्षातले वीस दिवस फिरवणार, उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस सर्व्हिस रोडला उभं करून टोइंगवाल्यांची वाट बघू का? बोला.

सानपाडा_फास्ट

भावा, इकोत चौघं झोपणार कुठे ते आधी सांग. मी दोन वर्षं ट्रॅव्हलर वापरतोय, सेकंडहँड घेऊन करून घेतलेली. आत ताठ उभं राहता येतं, हा एवढा एकच मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांना भारी आहे. बाहेर पाऊस धो धो पडतोय, मुलांचे कपडे बदलायचेत, चहा ठेवायचाय, आणि तू इकोमध्ये गुडघ्यावर रांगतोयस. एक रात्र मजा वाटते, दुसऱ्या रात्री पाठ बोलायला लागते, तिसऱ्या दिवशी बायको बोलायला लागते. छोटी गाडी घेतली की एक-दोन ट्रिपनंतर लोक विकतात आणि मोठी घेतात, म्हणजे खर्च दोनदा. मी गाडी तुर्भ्याजवळ ओळखीच्या प्लॉटवर लावतो, महिन्याला थोडे पैसे देतो, विषय संपला.

दुपारचा_चहा

दोघांनाही एकच प्रश्न. स्वयंपाक कोण करणार? म्हणजे घरी ओटा आहे, पंखा आहे, चिमणी आहे, तिथून सुट्टी घेऊन दिवेआगरला जायचं आणि डिकीच्या दारात वाकून डासांमध्ये पोहे करायचे, ह्याला सुट्टी म्हणतात का? तिथे घराघरात उकडीचे मोदक आणि सुरमईचं ताट मिळतं हो. आणि चुकून गाडीत मासे तळलेत तर त्या गादीचा वास गणपतीपर्यंत जाणार नाही, लिहून घ्या.

इकोवाला_४३

ताई, सहमत, पण सगळंच करायचं नसतं ना गाडीत. मी खारघरला राहतो, माझी इको आहे, फक्त बेड किट, म्हणजे काढता-घालता येणारा पलंग, केलंय. आम्ही दोघंच असतो हे खरं. आमचा नियम सोपा, गाडीत फक्त चहा, मॅगी आणि अंडी, दुपारचं-रात्रीचं जेवण खानावळीत. भर डिसेंबरात माळशेजच्या खाली एका कृषी पर्यटनवाल्याच्या अंगणात गाडी लावली होती, त्याने संडास-बाथरूम वापरायला दिलं, भाकरी आणि पिठलं दिलं, पहाटे डिकीचं दार वर केलं आणि गादीवर पडल्या पडल्या समोर अख्खी धुक्यातली कातळभिंत. हॉटेलच्या खिडकीतून हे होत नाही.

कासारवडवलीकर साहेब, छोटी गाडी हा निर्णय बरोबरच आहे. पण चौघांना गाडीत दोन आणि बाहेर मागच्या दाराला जोडायचा तंबू, असा हिशोब करा. चौघं आत हे विसरा.

तंबूवाले_काका

मग तंबू लागणारच असेल तर इको कशाला? आहे त्या गाडीच्या डिकीत चार माणसांचा तंबू टाका आणि निघा. आम्ही १९८० च्या दशकात एसटीने जाऊन भंडारदऱ्याला राहायचो, पाठीवर सगळं. हल्ली आधी गाडीला घर करायचं, मग त्या घराचं सामान घ्यायचं, मग सामान ठेवायला दुसरी गाडी.

सानपाडा_फास्ट

काका, तुमच्या पाठीवर तुमची आई नव्हती. ह्यांची असणार आहे.

काटेकोर

मूळ धाग्यात एक गोष्ट कोणी बोललंच नाही, आणि हे नंतर कळलं की फार महागात पडतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. कंपनीने जशी गाडी दिली आणि आरसीवर जशी नोंद आहे त्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे अजून घट्ट करून ठेवलंय. मागच्या सीट कायमच्या काढून तिथे खोके बोल्ट केले की आरसीवरची आसनक्षमता आणि प्रत्यक्ष गाडी जुळत नाही. उद्या कुठे ठोकली आणि सर्व्हेअरने फोटो काढले तर इन्शुरन्सवाले आधी तेच बोट दाखवणार.

रीतसर मार्गही आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, त्याप्रमाणे मंजुरी घेतलेल्या बिल्डरकडून गाडी घेतली की आरसीवरच तशी नोंद होते. ज्याच्याकडून करून घेणार त्याला पहिला प्रश्न हा विचारा, पलंगाच्या कापडाचा रंग नंतर. मला एका वर्कशॉपवाल्याने "साहेब सगळे असंच करतात, काही होत नाही" असं सांगितलं, मी तिथूनच परत फिरलो.

इकोवाला_४३

म्हणूनच माझं किट बोल्ट केलेलं नाही. बेल्टने आवळलेलं आहे, सीट जागेवर दुमडून वर गादीची फळी येते. उंची थोडी जाते, बसलं की डोकं छताला टेकतं, पण दहा मिनिटांत सगळं बाहेर आणि गाडी परत कुटुंबाची.

काटेकोर

हे जास्त बरं. बेल्टचा मुद्दा निघालाच आहे तर, चालत्या गाडीत पोरांना पलंगावर झोपवू नका. ट्रॅव्हलरवाल्यांचं पण हेच, कोचावर आडवी बसलेली मुलं आणि घाटात ब्रेक. जेवढी माणसं तेवढ्या पुढे तोंड केलेल्या, बेल्ट असलेल्या सीट, आणि मग उरलेल्या जागेत घर.

कासारवडवलीकर

हे पटलं. बेल्टचा विचार मी केलाच नव्हता खरं सांगायचं तर, मी पलंगाखालच्या खणांची चित्रं काढत बसलो होतो. आता एसीचं बोला. सोलर पॅनल आणि शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी टाकली तर रात्री छोटा एसी चालेल असं एकाने सांगितलंय.

सानपाडा_फास्ट

नाही चालणार. १२ व्होल्ट गुणिले १०० म्हणजे १२०० वॅट-अवर. छपरावरचा एसी साधारण हजार वॅट ओढतो. इन्व्हर्टरचा तोटा धरला की तासाभरात दिवे गेले. पंखा मात्र पंधरा-वीस वॅटचा, तो रात्रभर चालून मोबाईल चार्ज होऊन छोटा फ्रिज पण निघतो. माझ्याकडे एसी आहे पण तो जिथे प्लग मिळतो तिथेच. बाहेरून लाइट घेऊन पार्किंग देणारी ठिकाणं हळूहळू होतायत, राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्येच आणलं होतं, पण कोकणात अजून आपणच हॉटेलवाल्याला पटवून एक वायर मागायची असते.

आणि एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवायचं मनात पण आणू नका. बंद गाडीत शेगडी पण नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

तंबूवाले_काका

मग मे महिन्यात कोकणात गाडीत झोपणार म्हणजे स्वतःची उकड करून घेणार. मोदक आयतेच झाले, ताई.

दुपारचा_चहा

काका 😄 नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच सीझन ह्यांचा. त्यातून दिवाळी, नाताळ आणि मुलांच्या परीक्षा वजा करा. कासारवडवलीकर, वीस दिवस म्हणालात ना, मला बारा पण होताना दिसत नाहीत. बारा दिवसांसाठी गाडी विकत? भाड्याने घ्या ना एखादी, ड्रायव्हरसकट मिळते.

आणि मुख्य गोष्ट. संडास. तुम्ही सगळे पुरुष ह्या विषयाला एका ओळीत उरकताय. आमच्या सासूबाईंना रात्री तीनदा उठावं लागतं, मुलीला अंधाराची भीती. इकोत काय करणार, आणि ट्रॅव्हलरमध्ये तो पेटीचा संडास असतो त्याचा डबा कोण रिकामा करणार, आणि कुठे?

सानपाडा_फास्ट

डबा मीच करतो ताई. अठरा-वीस लिटरचा असतो, चौघांचा एक-दोन दिवसात भरतो. हॉटेलच्या टॉयलेटमध्ये रिकामा करायचा, विचारून आणि पैसे देऊन. पहिल्यांदा केला तेव्हा झाकण नीट लागलं नव्हतं, पुढचं सांगत नाही, पण आतला संडास आहे म्हणूनच आमची आई येते. इकोत आई येणार नाही.

पाण्याचं पण तसंच. माझी टाकी शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन आधीच. इकोत वीस लिटरचे दोन कॅन बसतील, म्हणजे तोंड धुणं आणि भांडी. आंघोळ समुद्रात.

इकोवाला_४३

बरं, आता सानपाडा साहेबांनी बागमांडल्याची गोष्ट पण सांगावी. मागच्या धाग्यावर सांगितली होती.

सानपाडा_फास्ट

हो बाबा, सांगतो. हरिहरेश्वर करून बागमांडला–वेश्वी फेरीबोटीने केळशीला जायचं होतं. ओहोटी होती, रॅम्पचा उतार जास्त. पुढची चाकं बोटीवर चढली आणि मागचं लांब शेपूट खाली काँक्रीटला टेकलं, असा आवाज झाला की बोटीवरचे लोक पण उठून बघायला लागले. मागचा बंपर आणि सांडपाण्याच्या टाकीचा नळ गेला. मागे दहा गाड्या हॉर्न मारतायत, खलाशी फळ्या आणून चाकाखाली घालतोय, बायको खाली उतरून आपण ह्या गाडीच्या नाहीच असं उभी. भरती आली की ट्रॅव्हलर पण जाते, पण तेव्हापासून मी भरतीची वेळ बघून निघतो.

आणि मुंबई-गोवा हायवेबद्दल तर काय बोलायचं, २०११ पासून काम चालू आहे. खड्ड्यात आतली सगळी कपाटं उघडतात, माणगावला थांबलो तर तूरडाळ पूर्ण गाडीभर.

कासारवडवलीकर

म्हणजे माझाच मुद्दा झाला ना! छोटी गाडी गल्लीत वळते, जेट्टीवर चढते, गावातल्या देवळापर्यंत जाते. टोलचं पण बघा, खासगी कार-जीप-व्हॅनसाठी फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये आला, तेव्हा ३००० रुपयांत दोनशे फेऱ्या होत्या, इकोला मिळेल.

काटेकोर

पास राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना आहे. अटल सेतूला आणि पुणे एक्स्प्रेसवेला चालत नाही. उगाच खुश होऊ नका.

दुपारचा_चहा

एक काम करा. हॉलमध्ये इकोच्या आतल्या मापाची चौकट आखा आणि एक रात्र चौघं त्यात झोपा. फुकटात होतंय.

कासारवडवलीकर

ताई, काल रात्री केलं. मित्राच्या इकोत मीटरटेप लावून आलो, ड्रायव्हर सीटच्या पाठीपासून डिकीच्या दारापर्यंत सहा फुटाला थोडं कमी आणि रुंदी जेमतेम सव्वाचार. सोफा सरकवला, फरशीवर खाकी चिकटपट्टी लावली, गाद्या टाकल्या. चौघं आडवे झालो, मी आणि बायको कडेला, मुलं मध्ये. कुशीवर वळायचं तर चौघांनी एकदम वळायचं, मुलगा 'एक, दोन, तीन' म्हणायला लागला. साडेअकराला बायको उशी घेऊन बेडरूममध्ये गेली, अर्ध्या तासाने मी पट्टीबाहेर. मुलं मात्र सकाळपर्यंत आत होती, आणि पट्टी काढू देत नाहीयेत, आई सकाळी पूजेला जाताना ती ओलांडून जाते.

तर चौघं आत हे गेलं. पण मोठी गाडी पण नाही घेणार. मुलं आत, आम्ही दोघं मागच्या तंबूत, आई असेल तेव्हा खोली बुक. ट्रॅव्हलरपेक्षा दहा खोल्यांचं भाडं स्वस्त पडतं. इकोवाला, जानेवारीत दोन दिवस तुमची गाडी द्याल का? भाडं सांगा.

काटेकोर

पांढरी पाटी आहे, म्हणजे खासगी गाडी, भाडं घेता येणार नाही.

इकोवाला_४३

भाडं नको, येताना काजू आणा. किट कसं लावायचं ते रविवारी येऊन बघून जा. तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, पिशव्यांत वाळू भरून दोऱ्यांना बांधा, आणि रात्री वारा सुटला तर लाज न बाळगता चौघं गाडीत बसून काढा.

सानपाडा_फास्ट

दोन वर्षांनी ट्रॅव्हलर विकतोय, तेव्हा पहिला फोन तुला.

दुपारचा_चहा

आणि रात्री मुलीला लागली तर? त्याचं उत्तर कोणीच दिलं नाही अजून.