फौजेतून वर्गात आलेले सर: तुमच्या आठवणी लिहा (अनुभव धागा)

सागरवेडी, मालवण
परवा देवळाच्या वाटेवरची झुडपं तोडली तर भिंतीतला जुना दगड उघडा पडला. १९१४-१९१९ च्या महायुद्धात या गावातून किती गेले आणि किती परत आले नाहीत, ते कोरलेला. अक्षरांत शेवाळ होतं. नारळाचं सोडण घेऊन घासायला बसले आणि आमचे इतिहासाचे सर डोळ्यांसमोर उभे राहिले. १९८९ साली त्यांनी आमच्याकडून असाच एक दगड घासून घेतला होता.

सर बासष्टच्या चीन युद्धानंतर इमर्जन्सी कमिशनवर, म्हणजे तातडीच्या अफसरभरतीत, फौजेत गेले, पासष्टची लढाई लढले. पाचेक वर्षांनी फौजेतून सुटले आणि विशीतल्या पोरांच्या बाकावर बसून एम.ए. झाले. सिंधुदुर्गावर नेलं तेव्हा होडीतच विचारलं, "दरवाजा कुठेय?" कुणाला दिसेना. तटाच्या वळणात लपवलाय, जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. आत गेल्यावर थेट दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी. "वेढा पडला तर आधी काय संपेल?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पायाभरणीची तारीख, २५ नोव्हेंबर १६६४, परतीच्या होडीत सांगितली.
तुम्हाला असं कुणी भेटलं का?

खाडीपल्याड
एसटीत आहे, थोडक्यात लिहितो. आमचे सर रिटायर्ड मेजर. विजयदुर्ग शिकवताना १७५६ वर आले की आवाज बदलायचा. समुद्रातून इंग्रज, जमिनीवरून पेशव्यांची फौज, आणि मधे तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळतंय. "आपल्याच माणसांनी," एवढंच म्हणायचे आणि खडू खाली ठेवायचे. त्या दिवशी पुढे तास नाही.

नातसून
आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला, आताच्या इराकात, गेलेले. घरात अजून कुणाचा फोन आला नाही की सासूबाई म्हणतात, बसऱ्याक गेलो काय! तिथल्याच कूट गावाच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. अन्न संपल्यावर घोड्याचं मांस वाटलं, तर आपल्या कित्येक शिपायांनी धर्मापायी कित्येक दिवस खाल्लं नाही. हे मला कॉलेजात एका फौजी सरांकडून कळलं. घरी येऊन आजेसासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणून ते ताटात कधी काय टाकीत नसत."
भात लावलाय, उरलेलं नंतर.

माणगावकर
यशवंत घाडगे आमच्या तालुक्यातले, पळसगावचे. १० जुलै १९४४, इटली, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. वय अवघं बावीस. माझे सर त्या तारखेला वर्गात उभ्यानेच हजेरी घ्यायचे. कारण विचारायची हिंमत आम्हाला तिसऱ्या वर्षी झाली.

वेंगुर्ल्याची बाय
वाचून डोळ्यात पाणी इला गो. ताई, सोडणाने घासलंत ते बरं केलंत, तारेचा ब्रश नको हां, अक्षरं जातील. आणि किल्ल्याच्या होड्या चालू झाल्या का? दिवाळीत भाचे येतायत.

सागरवेडी, मालवण
हो गो, पाऊस ओसरला की चालू. सकाळची भरती बघून ये.

खाडीपल्याड
रेंज आली. एक राहिलं. एकदा खाडी ओलांडायची तर, म्हणजे होडी, चुकली आणि मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. सरांनी वर्गाबाहेर उभं केलं. मला फार लागलं ते, खरं सांगतो, कारण तांडेल त्या दिवशी आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तरीवर बघतो तर पलीकडच्या काठावर सर, पँट दुमडून, हातात घड्याळ. माझ्यासोबत चालत कॉलेजला आले, वाटेत अक्षर बोलले नाहीत. सोमवारपासून आमचा तास पाऊण तासाने पुढे गेला. खाडीपल्याडची आम्ही सात पोरं होतो.

नातसून
आमच्याकडे पण तर होती, आता पूल झालाय. पूल बरा, पण तांडेलाच्या गजाली गेल्या.

सागरवेडी, मालवण
दगड पूर्ण वाचता आला. आकडे आहेत, नावं नाहीत. त्या वेळी सरांनी आम्हाला घरोघरी पाठवून नावं विचारायला लावली होती. म्हणून आजपासून मीही वाडीत फिरतेय. संध्याकाळपर्यंत दोन मिळाली. दुसरं नाव सांगताना म्हातारीने आधी डोक्यावर पदर घेतला.