घर सुटलेल्यांच्या गोष्टी: तुम्ही ऐकलेली लिहा

कल्याणकर:
कल्याणात वाढलेल्या आमच्या पिढीनं 'मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा तिथल्या नकली मालावरचा विनोद हजारदा केला असेल. मी तो एकदा नको त्या घरात केला. मित्राची आजी, जिला सगळे अम्मा म्हणायचे, पाणी आणि भाजलेला पापड घेऊन आली होती (सिंध्यांकडे पाहुण्याला पाण्याबरोबर पापड येतोच). ती हसली आणि म्हणाली, "असोसिएशन नंतर रे, आधी बराक होती."

जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली. त्यानंतर अम्मा बोटीनं मुंबईला आली आणि तिथून कल्याणच्या लष्करी छावणीत. एका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं, मध्ये पोत्यांचे नि साड्यांचे पडदे. दंगलीची भीती ओसरली म्हणाली, पण नवऱ्याशी झालेलं भांडण पडद्यापलीकडे ऐकू जातं, ही लाज गेली नाही. मग दोघं कुजबुजत भांडायला शिकले. पुढे फ्लॅट झाला तरी कुजबूजच!

८ ऑगस्ट १९४९ ला छावणीचं उल्हासनगर झालं, पण अम्माच्या तोंडी शेवटपर्यंत 'कॅम्प'. शरणार्थी म्हटलेलं तिला खपत नसे, "पुरुषार्थी म्हण."

तो विनोद मी पुन्हा केला नाही. तुमची कुणी अशी बोलती बंद केली आहे का? मतं नकोत, ऐकलेलं लिहा.

झाडीपट्टी:
नागपुरात हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले बसतात. तिशीतल्या एकाशी मी पन्नास रुपयांवरून घासाघीस करत होतो. सहज विचारलं, गाव कोणतं? मला वाटलं, ल्हासा वगैरे म्हणेल. "गोठणगाव ना भाऊ, अर्जुनी मोरगाव तालुका." माझ्या मामाच्या गावाकडचा निघाला! १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो माणसं. त्यातल्या काहींची वसाहत १९७२ पासून तिथं आहे. हा तिथंच जन्मला, तरी खिशात परदेशी माणसाचं नोंदणीपत्र, मुदत संपली की नवं करून घ्यायचं. म्हणाला, "भाव पाडा, चालते. फक्त वापस कधी जाता, ते इचारू नका." खरं सांगतो, तोच प्रश्न माझ्या ओठावर होता.

भीमाकाठ:
देशातल्या देशातलं चालेल ना? उजनीच्या पाण्यात जुनं पळसदेव गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ वर येतं आणि फोटो काढायला गर्दी होते. आम्हीही गेलो, सासऱ्यांना घेऊन. ते देवळाकडे पाठ करून गाळात पावलं मोजत होते. "हितं गोठा. हितं चूल." मी फोन खिशात घातला.

कॅम्पवाली:
मी बराकीत राहिलेल्यांची नात. माझ्या डाडांनी कधी एक अक्षर सांगितलं नाही. सिंधबद्दल विचारलं की म्हणायचे, "आधी उधारी लिहून घे." कल्याणकर, अम्मांना सांगता आलं, म्हणून तुमचा विनोद थांबला. आमच्या दुकानात तो रोज व्हायचा, आणि डाडा गिऱ्हाइकाबरोबर हसायचे.